दूरसंचार नियमन

फोन, मोबाइल, इंटरनेट आणि रेडिओ या सेवा कोणी, कोणत्या लहरींवर, कोणत्या अटींवर आणि किती दर्जेदार द्यायच्या हे ठरवणारी कायदे, परवाने व आंतरराष्ट्रीय करारांची व्यवस्था. काही निर्णय जिनिव्हात होतात, बहुतेक दिल्लीत, आणि थोडे अगदी गावच्या गटनंबरापाशी येऊन अडतात.

सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर 1251 किलोहर्ट्झला लागते. हा आकडा सांगलीकरांनी निवडलेला नाही. मध्यम लहरी रात्री दूरवर पोचतात. शेजारच्या देशाचे केंद्र जवळच्याच आकड्यावर असेल तर रेडिओत शिट्ट्या ऐकू येतात. म्हणून 1975 साली जिनिव्हाच्या परिषदेत आशिया, आफ्रिका व युरोपसाठी आखणी झाली आणि दर 9 किलोहर्ट्झवर एक जागा ठरली. 23 नोव्हेंबर 1978 पासून ती अमलात आली. 1251 ला 9 ने नि:शेष भाग जातो, पुण्याच्या 792 लाही जातो. अमेरिका खंडात हेच अंतर 10 किलोहर्ट्झ आहे.

ही आखणी करणारा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ 17 मे 1865 रोजी पॅरिसमध्ये स्थापन झाला, तोही तारायंत्रासाठी. तोवर हद्द आली की तार कागदावर उतरवून पलीकडच्या कारकुनाच्या हाती द्यावी लागे. भारत 1869 पासून सदस्य आहे. 1947 मध्ये संघ संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था झाला. दर तीन-चार वर्षांनी भरणारी त्याची जागतिक रेडिओ परिषद लहरींचे वाटप पुन्हा तपासते. संघाकडे ना पोलीस ना दंडुका. तरी देश नियम पाळतात, कारण दुसऱ्याच्या लहरींत घुसणाऱ्याच्या स्वतःच्या लहरीही सुरक्षित राहत नाहीत.

नंबरांचेही तेच. देशाचा +91 हा संकेतांक संघाच्या योजनेतला. पुढचे दहा अंक दिल्लीच्या हाती. शून्य वगळले तर साताऱ्याचा कोड 2162 असा चार अंकी, म्हणून तिथला लँडलाइन नंबर सहा अंकी. सांगली-मिरजेचा 233, म्हणून नंबर सात अंकी. बेरीज दोन्हीकडे दहाच. बाजारपेठ खुली करण्याची बाजू जागतिक व्यापार संघटनेच्या 1997 च्या करारात आली. त्यात स्वतंत्र नियामकाचे तत्त्व आहे.

भारतात 1885 च्या तार कायद्याने तारयंत्रणेचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. 1933 मध्ये बिनतारी संदेशांचा वेगळा कायदा झाला. 1994 च्या धोरणाने खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली आणि 1997 मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, आले. 2000 साली तंटे सोडवण्याचे काम ट्रायकडून काढून टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे दिले. ट्राय दर, कंपन्यांमधील जोडणी आणि सेवेचा दर्जा पाहते. परवाना मात्र दूरसंचार विभागच देतो, ट्राय फक्त शिफारस करते. नियामकाचे दात नेमके इथे बोथट होतात. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिलावाविना वाटलेले 122 परवाने रद्द केले, तेव्हा हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे हे तत्त्व सर्वांना ठळकपणे कळले. जुन्या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी 2023 चा दूरसंचार कायदा झाला. त्यातील काही कलमे 26 जून 2024 पासून लागू झाली.

परवाने जिल्ह्याला नव्हे, सर्कलला, म्हणजे साधारण राज्याएवढ्या सेवाक्षेत्राला मिळतात. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे, मुंबई नाही. एकेकाळच्या परवान्यांत तीन वर्षांत अर्ध्या जिल्हा मुख्यालयांत सेवा पोचवण्याची अट होती, मुख्यालयाऐवजी जिल्ह्यातले दुसरे शहर घेतले तरी चाले. म्हणजे या दोन जिल्ह्यांपुरते सातारा आणि सांगली ही दोन शहरे झाली की कागद पूर्ण. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठच्या वस्त्या किंवा जतची टोकाची गावे त्यात बसतच नव्हती. सह्याद्रीच्या कुशीत 'रेंज' शोधत टेकडीवर चढणाऱ्याला हा नियम ठाऊक नसतो, पण त्याचे फळ तोच भोगतो. अशा भागांसाठी कंपन्यांच्या समायोजित, म्हणजे ठरावीक वजावटी जाऊन उरलेल्या महसुलातून 5 टक्के रक्कम घेऊन उभारलेला निधी आहे. त्याचे आताचे नाव डिजिटल भारत निधी.

टॉवर हा या विषयाचा सर्वांत गढूळ कोपरा. 'तुमच्या रानात टॉवर बसवतो, लाखांत ॲडव्हान्स, महिन्याला भाडे, आधी नोंदणी फी भरा' असे मेसेज येतात, सोबत ट्रायच्या शिक्क्याचे पत्र असते. ते बनावट असते. ट्राय टॉवरला ना-हरकत दाखला देत नाही आणि जागामालकाकडून कसलीही फी घेत नाही, हे तिने वारंवार जाहीर केले आहे. साधी खूण अशी, की टॉवर खरा असेल तर पैसे कंपनी शेतकऱ्याला देते, उलटे नाही. खऱ्या टॉवरला गावात विरोध होतो तो बहुधा रेडिएशनच्या भीतीने. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून या रेडिएशनवर आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश इतकी मर्यादा ठेवली आहे.

नियमनात सेवा बंद करण्याचा अधिकारही येतो. सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीच्या हिंसाचारानंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवले होते. असे आदेश राज्याचा गृह विभाग काढू शकतो. ते प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले.

ग्राहकाची एकेकटी तक्रार ट्राय ऐकत नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा, समाधान झाले नाही तर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे. दूरसंचाराचे वाद ग्राहक न्यायालयात चालतात की नाही हा घोळ बरीच वर्षे होता. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चालतात असे स्पष्ट केले. त्यामुळे बिलाच्या भांडणासाठी पाटणच्या माणसाला साताऱ्याच्या आणि आटपाडीच्या माणसाला सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगापर्यंतच जावे लागते.