मरत नाही म्हणजे मजेत आहे का? दोन फुटी टँकमधला 'शार्क'

फिश टँकच्या कुठल्याही दुकानात जा, एका टँकमध्ये बोटाएवढे चंदेरी मासे थव्याने इकडून तिकडे पळत असतात, पाठीवर तिकोनी पंख असतो म्हणून 'शार्क' सांगून विकतात आणि पोरं हमखास तिथेच अडून बसतात. हा शार्क-बिर्क काही नसतो. हा पंगॅसियस, मिशीवाला कॅटफिश, आपल्या मांगूर-शिंगाळ्याच्या लांबच्या नात्यातला, आणि हॉटेलात बासा म्हणून जे पांढरं बिनकाट्याचं फिले येतं ते बहुतेक वेळा याचंच. मूळ गाव आग्नेय आशियातली मेकाँग आणि थायलंडची चाओ फ्राया नदी. तिथे हा चार फुटांच्या वर जातो, 44 किलोपर्यंतची नोंद आहे, आणि अंडी घालायला नदीतून शेकडो किलोमीटर प्रवास करतो. अशा माशाची जोडी आपण दोन बाय एक बाय एक फुटाच्या काचेच्या पेटीत आणून सोडतो आणि वर विचारतो, "याच्यासोबत अजून काय काय टाकता येईल?"

मोठा होईल ना हो, असं विचारलं की दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "टेन्शन नका घेऊ, मासा टँकच्या साइजप्रमाणेच वाढतो." हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच जास्त घातक. बहुतेक मासे आयुष्यभर थोडेथोडे वाढत राहतात, छोट्या टँकमध्ये ती वाढ खुंटते हेही खरं, पण ती मासा शहाणपणाने मापात राहतो म्हणून नाही खुंटत, तर पाणी खराब, सततचा ताण आणि पोहायला जागा नाही म्हणून खुंटते. पोटभर न मिळाल्याने एखाद्या पोराची उंची राहिली तर "घराच्या मापाने वाढलं हो" असं कुणी म्हणेल का? (बाहेरून खुजा राहतो पण आतले अवयव वाढतच राहतात आणि एक दिवस मासा फुटतो, असंही ऐकायला मिळतं, त्याला मात्र धड पुरावा नाही. जे खरं आहे तेच पुरेसं वाईट आहे.)

आता जरा हिशोब. दोन फुटी टँकमध्ये काठोकाठ भरलं तरी साधारण 56 लिटर पाणी, त्यातून खडी आणि वरची मोकळी जागा वजा करा. मासा दोन इंचांचा बारा इंच झाला तर लांबी सहापट, पण वजन लांबीच्या घनात वाढतं, म्हणजे 216 पट. घाण अगदी तितक्या पटीत वाढत नाही, पण कित्येक पट वाढतेच, पाणी तेवढंच. मासे अमोनिया, म्हणजे त्यांची विषारी घाण, मुख्यतः कल्ल्यांतून सोडतात, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया मासा वाढेल तशी आपोआप ओव्हरटाइम ड्युटी करत नाहीत, त्यांनाही जागा आणि ऑक्सिजन लागतो. आपल्याकडचा एप्रिल-मे तर अजून वाईट, कारण 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो आणि 30 अंशांना साडेसातच, शिवाय पाणी गरम झालं की अमोनियाचा विषारी भाग वाढतो.

मग मरत का नाही? खरी गोम इथेच आहे. पंगॅसियस पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळतो आणि अंगातल्या हवेच्या पिशवीतून (स्विम ब्लॅडर) ऑक्सिजन घेतो. काच साफ करतो म्हणून सगळे घेतात तो सकर फिशसुद्धा गरज पडली की हवा गिळून पोटातून श्वास घेतो, आणि तोही दीड फुटाचा होतो बरं का. म्हणजे ज्या पाण्यात दुसरा मासा दोन दिवसांत उलटा होईल तिथे हे वर्षानुवर्षं काढतात. आपण याला 'एकदम हार्डी मासा, बिगिनर्सना बेस्ट' असं सर्टिफिकेट देतो आणि नेमका तोच मासा सगळ्यात वाईट टँकमध्ये जाऊन पडतो. माझा सगळा राग या एका शब्दावर आहे. हार्डी म्हणजे त्याला त्रास होत नाही असं नाही, त्रास संपायला जास्त वेळ लागतो एवढंच.

रात्री अंधारात एकदम ट्यूबलाइट लावून बघा. एक फुटी झालेला 'शार्क' दचकून सरळ काचेवर जातो, ठण्ण आवाज येतो, झाकण उडतं, फरशीवर पाणी. जवळ जाऊन पाहिलं तर नाकाडावर पांढरा चट्टा दिसेल, तिथली कातडी काचेवर आपटून गेलेली असते, आणि मिशाही झिजलेल्या. हा थव्याने राहणारा, भित्रा मासा आहे, धोका वाटला की लांब सुसाट पळायचं एवढंच त्याला येतं आणि पळायला दोन फूट. त्यातून त्याच्या अंगावर जी बारीक रेषा असते, लॅटरल लाइन, तिने तो पाण्यातली हालचाल ओळखतो, म्हणजे पंपाची थरथर चोवीस तास चालूच.

माशांना वेदना होतात का यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. 2003 मध्ये लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड टोचलं, ते मासे साधारण तीन तास खायला आले नाहीत, काहींनी ओठ खडीवर घासले. त्याउलट ब्रायन की यांनी 2016 मध्ये मांडलं की वेदना जाणवायला लागतो तो मेंदूचा भाग माशांकडे नाहीच. मला स्नेडन यांची बाजू जास्त पटते, पण समजा नाही पटली, तरी नाकाडावरचा चट्टा काही थिअरी नाही.

अरोवाना माशाचं प्रकरण अजून वेगळं. लोक तो लक्ष्मीसाठी, वास्तूसाठी आणतात. अ‍ॅमेझॉनमधला सिल्व्हर अरोवाना फांदीवरचे किडे पकडायला पाण्याबाहेर उडी मारतो, तीन फुटांच्या आसपास होतो, आणि आपण त्याला वळतासुद्धा येणार नाही अशा दीड फूट रुंदीच्या टँकमध्ये ठेवतो. मग तो मेला की, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." झालं, खरा गुन्हेगार अमोनिया नामानिराळा राहिला, नवीन अरोवाना आला.

कायदा आहे का? आहे की! 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता रोखण्याच्या कायद्यात माणूस सोडून कुठलाही सजीव म्हणजे प्राणी, आणि नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणं हा कलम 11 खाली गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात माशाचं खाद्यही येत नाही. 2017 मध्ये केंद्राने दुकानांसाठी नियम काढले होते, त्यात गोल बाउलवरही बंदी होती, पण ते पुढे मागे घेतले.

"अहो मग बासा खाता तेव्हा?" हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचाही नाही. शेतीतल्या तळ्यातही हे मासे दाटीवाटीनेच वाढवतात. फक्त तिथला मासा काही महिन्यांत विकला जातो, टँकमधला तसाच दहा-दहा वर्षं काढू शकतो. गंमत अशी की जंगली पंगॅसियस आज आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत धोक्यातली जात आहे.

ज्यांच्याकडे आधीच मोठा झालाय त्यांनी एकच करू नका, नदीत किंवा तलावात सोडू नका. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल लेकमध्ये अमेरिकेचा अ‍ॅलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा मासा सापडला, तो काय पोहत आला नव्हता. दुकानदार परत घेतो का विचारा, बंदिस्त मोठा हौद असलेला कुणी हौशी सापडतो का बघा, तोवर खाणं कमी आणि पाणी बदलणं जास्त. सहा फुटी टँक घेतो म्हणणाऱ्यांनी सहा बाय दोन बाय दोन म्हणजे जवळजवळ 680 किलो नुसतं पाणी हे सोसायटीला आधी सांगा, आणि त्यातही पंगॅसियस शेवटपर्यंत मावत नाही. नवीन घेणाऱ्यांनी दुकानात मासा केवढ्याला हे नंतर विचारा, आधी केवढा होतो ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर तिथेच उभं राहून मोबाइलवर बघा. दोन फुटीत गप्पी मस्त राहतात, हनी गुरामीची जोडी राहते, आणि ती तर आपल्याच उपखंडातली आहे.