राशीवरून स्वभाव : या विश्वासाची पार्श्वभूमी

ज्योतिषाचं मूळ काम पुढे काय घडणार ते सांगणं. बॅबिलोनमध्ये आकाशातल्या खुणांवरून राजाचं आणि राज्याचं भवितव्य पाहत. दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने ग्रहांचा संबंध माणसाच्या मनोवृत्तीशीही जोडला, पण स्वभावाला आजचं महत्त्व आलं ते विसाव्या शतकात. भविष्य सांगण्यावरून इंग्लंडमधले ज्योतिषी अ‍ॅलन लिओ यांच्यावर १९१४ आणि १९१७ साली खटले झाले. दुसऱ्यात ते दोषी ठरले. घटनांपेक्षा स्वभावाचा कल सांगावा, हा त्यांचा आग्रह पुढे रुजला. मला हे वळण कळीचं वाटतं. भाकीत चुकलं तर उघडं पडतं. स्वभाववर्णन चुकलं हे ठरवायचं कोणी आणि कसं?

१९४८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचं’ वर्णन दिलं. तुमच्यात अजून न वापरलेली बरीच क्षमता आहे, बाहेरून शिस्तबद्ध दिसलात तरी आतून धास्तावलेले असता, अशा धाटणीचं. ते कितपत जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मजकूर सगळ्यांना एकच होता, आणि त्यातला बराचसा भाग ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून उचललेला होता.

त्याहून विचारात पाडणारी गोष्ट मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांच्या १९७८ च्या अभ्यासात दिसली. २,३२४ जणांच्या उत्तरांत राशी आणि स्वभाव यांचा किंचित मेळ बसला आणि ज्योतिषी सुखावले. पण नंतरच्या पाहण्यांत, आपल्या राशीचे गुणधर्म ज्यांना ठाऊकच नव्हते त्यांच्यात हा मेळ उरला नाही. म्हणजे लोक स्वतःकडे राशीच्या वर्णनातून पाहू लागले होते.

यासाठी ग्रहच लागतात असंही नाही. जपानमध्ये ताकेजी फुरुकावा यांनी १९२७ मध्ये रक्तगटावरून स्वभाव ठरवण्याची कल्पना मांडली. १९७१ पासून मासाहिको नोमी यांच्या पुस्तकांनी ती लोकप्रिय केली.

चीनमध्ये पाश्चात्त्य राशी अलीकडे पोहोचल्या, तरी कन्या राशीची माणसं चिकित्सक आणि किरकिरी असा शिक्का घट्ट बसला. जोडीदार निवडताना आणि नोकरीतही त्यांना डावललं जातं, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं. त्याच संशोधकांनी १,७३,७०९ जणांचं व्यक्तिमत्त्व आणि ३२,८७८ जणांची नोकरीतली कामगिरी तपासली. राशीशी कशाचाच संबंध निघाला नाही.