स्तनकर्करोग : केमोथेरपीच्या प्रतिसादाची प्रतिमांवरून तपासणी

शस्त्रक्रियेआधी दिलेल्या केमोथेरपीला स्तनातली गाठ कितपत दाद देते, हे मॅमोग्राफी, सोनोग्राफी, एमआरआय आणि पेट-सीटी यांच्या प्रतिमांवरून ठरवण्याची पद्धत. गाठ जागेवरच असल्यामुळे औषध लागू पडते की नाही हे उपचार चालू असतानाच कळते. गाठ आधी काढून मग केमो दिली, तर मोजायला काही उरतच नाही.

मोजमापासाठी ‘रेसिस्ट’ निकष (२०००, सुधारित आवृत्ती १.१, २००९) रूढ आहेत. सर्वांत लांब व्यासांची बेरीज निदान ३०% घटली, तर तो अंशतः प्रतिसाद. नोंदलेल्या नीचांकावरून ती २०% आणि किमान ५ मिमी वाढली, तर रोग वाढतो आहे असे धरतात. ४० मिमीची गाठ २८ मिमी झाली की ती ३०% ची अट जेमतेम पार करते. पण ती गोल असेल, तर तिचे सुमारे दोन तृतीयांश आकारमान गेलेले असते. शिवाय प्रत्येक गाठ चारी बाजूंनी सारखी आकसत नाही. काही गाठी मधूनमधून विरतात आणि जुन्या जागेत कर्कपेशींची बेटे मागे ठेवतात. तिथे लांबी जवळपास तेवढीच राहते आणि फूटपट्टी फसते.

म्हणून एमआरआयचे महत्त्व. शिरेतून दिलेले गॅडोलिनियमचे द्रव्य गाठीच्या गळक्या नव्या रक्तवाहिन्यांतून झपाट्याने आत शिरते आणि बहुधा लवकर ओसरते. औषध लागू पडले की हा चढउतार मंदावतो. पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी डिफ्यूजन तपासणीही उपयोगी पडते: पेशी मेल्या की पाण्याला मोकळी जागा मिळते, आणि हा बदल काही वेळा आकार घटण्याआधीच दिसतो. पेट-सीटीमध्ये फ्लुओरिन-१८ जोडलेली साखर गाठ किती ओढते ते पाहतात. सोनोग्राफी स्वस्त आणि सोयीची, काखेतल्या लसीकाग्रंथींसाठी विशेष कामाची. मात्र मोजमाप करणाऱ्याच्या हातावर बरेच अवलंबून असते.

एमआरआयही चकवतो. टॅक्सेन गटातील औषधांनंतर रक्तपुरवठा घटल्याने द्रव्य कमी उजळते आणि उरलेला रोग लपू शकतो. हार्मोन-ग्राही (हार्मोनच्या आधाराने वाढणाऱ्या) स्तनकर्करोगात व लोब्युलर (दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारात अंदाज अधिक चुकतो. ट्रिपल-निगेटिव्ह (हार्मोनचे दोन्ही ग्राही नसलेल्या आणि हर-२ प्रथिन जास्त नसलेल्या) व हर-२ पॉझिटिव्ह (ते प्रथिन जास्त असलेल्या) प्रकारांत तो तुलनेने जुळतो. मॅमोग्राफीवरचे कॅल्शियमचे ठिपके तर कर्कपेशी मेल्यानंतरही तसेच राहू शकतात. ठिपके दिसतात म्हणून रोग उरला, असे म्हणता येत नाही.

प्रतिमेत काहीच न उरणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच न सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला पूर्ण विकृतिशास्त्रीय प्रतिसाद म्हणतात. म्हणूनच केमो सुरू होण्याआधी किंवा सुरुवातीच्या काळात गाठीत धातूची बारीकशी क्लिप बसवतात. गाठ दिसेनाशी झाली, तरी कापायचे कुठे हे शल्यविशारदाला त्या क्लिपमुळे कळते.