चार गॉब्लिनचा हिशेब: सीआर नावाच्या आकड्यामागची गोष्ट

जुलै २०१४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायच्या साहसी खेळाच्या, पाचव्या आवृत्तीचा स्टार्टर सेट (नवख्यांसाठीचा संच) आला. त्यातली पहिलीच लढाई अनेकांना पाठ आहे: रस्त्यात आडवे पडलेले दोन मेलेले घोडे, झुडपांत दबा धरून बसलेले चार गॉब्लिन (बुटके, दुष्ट मॉन्स्टर) आणि समोर पहिल्या लेव्हलची चार-पाच पात्रं. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकातला हिशेब लावला, तर चार जणांच्या पार्टीसाठी, म्हणजे पात्रांच्या टोळीसाठी, ही लढाई 'डेडली' (जीवघेणी) निघते. २०२४ च्या पुस्तकात तीच लढाई 'लो', म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीची आहे. सीआर म्हणजे चॅलेंज रेटिंग, मॉन्स्टरला दिलेला आव्हानाचा आकडा; एक्सपी म्हणजे पात्रांना मिळणारे अनुभवाचे गुण. साधा लढवय्या गॉब्लिन तेव्हाही पाव सीआरचा, ५० एक्सपीचा होता आणि आजही तेवढाच आहे. मग दहा वर्षांत बदललं काय?

१९७४ च्या पहिल्या तीन पुस्तिकांमध्ये असा प्रश्नच नव्हता. तळघराचा मजला जितका खोल, तितके मॉन्स्टर भारी. जिना उतरायचा की नाही, हे खेळणाऱ्यांनी ठरवायचं. एक्सपीचा मोठा वाटा सोन्याच्या नाण्यांतून यायचा, त्यामुळे पाठलागावर असलेल्या मॉन्स्टरपुढे खाणं टाकून सटकणं हा शहाणपणा समजला जाई. पुढे 'लेव्हल' या शब्दाचा इतका गुंता झाला (पात्राची, मंत्राची, मॉन्स्टरची आणि तळघराचीही लेव्हलच), की १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात त्यावर खुलासा द्यावा लागला. वेगवेगळे शब्द वापरायचा विचार होता, पण लोकांना लेव्हलचीच सवय झाली होती, असा त्याचा सूर.

चॅलेंज रेटिंग आलं २००० साली, तिसऱ्या आवृत्तीसोबत. त्याची मूळ व्याख्या आज बरेच जण विसरलेत. पाच सीआरचा मॉन्स्टर म्हणजे पाचव्या लेव्हलच्या चौघांचे मंत्र, हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो ते मोजणारे गुण), औषधं वगैरे मिळून साधारण २० टक्के ऐवज खाणारा मॉन्स्टर. अशा चार लढाया झाल्या की पार्टीने मुक्काम ठोकायचा. म्हणजे सीआर हे ताकदीचं माप नव्हतं, दिवसभराच्या खर्चाचं होतं. पेट्रोलच्या टाकीतून किती गेलं ते सांगणारा हा काटा लोकांनी पहिल्या दिवसापासून वेग दाखवणारा म्हणून वाचला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने सीआर काढूनच टाकला. एक पात्र, त्याच लेव्हलचा एक साधा मॉन्स्टर. एलिट दोघांच्या बरोबरीचा, सोलो पाच जणांच्या, आणि मिनियन एका हिट पॉइंटचा, लागला की मेला. लढाया रेंगाळतात ही तक्रार रास्त होती, आणि २०१० च्या तिसऱ्या मॉन्स्टर-पुस्तकात मॉन्स्टरांचं डॅमेज वाढवून ती बरीच दूरही केली गेली. माझ्या मते हिशेब इतका सरळ आधी कधीच नव्हता. पण या आवृत्तीवर लोकांचा राग वेगळ्याच कारणांसाठी होता, आणि त्या रागात गणितही वाहून गेलं.

२०१४ मध्ये सीआर परतला तो नव्या व्याख्येसह: चार जणांची, पुरेशी सज्ज आणि विश्रांती घेतलेली पार्टी आपल्या लेव्हलइतक्या सीआरच्या मॉन्स्टरला कोणी न मरता हरवू शकेल. खर्चाची भाषा गेली, मरणाची आली. मात्र त्याच वर्षीच्या डीएमच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया धरलेल्या आहेत. विश्रांती घेतलेली पार्टी त्यातल्या पहिल्या लढाईपुरतीच असते.

खरं भांडण गुणकाचं. या आवृत्तीत प्रोफिशियन्सी बोनस (कसबामुळे फाशाच्या आकड्यात पडणारी भर) वीस लेव्हलमध्ये +२ वरून जेमतेम +६ होतो, आर्मर क्लासही (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) फार चढत नाही. त्यामुळे फुटकळ मॉन्स्टरचा बाणसुद्धा वरच्या लेव्हलला लागतो आणि संख्या भारी पडते. म्हणून मॉन्स्टर दोन असतील तर एक्सपी दीडपट धरायचे, तीन ते सहा असतील तर दुप्पट. चार गॉब्लिनचे २००, दुप्पट ४००. पहिल्या लेव्हलच्या चौघांची डेडलीची मर्यादा नेमकी ४००. गंमत म्हणजे हे ४०० फक्त मोजायला, खेळाडूंच्या पदरात २००च पडतात. आणि त्याच प्रकरणातलं दिवसाचं बजेट माणशी ३००, म्हणजे चौघांचं १२००. एकाच हिशेबाने ही लढाई 'डेडली' ठरते आणि दिवसाच्या कामाचा फक्त तिसरा हिस्साही ठरते. आमच्या रविवारच्या चार तासांत दोन लढाया झाल्या तरी डोक्यावरून पाणी, त्यामुळे तो पूर्ण दिवस आम्ही कधी पाहिलाच नाही. प्रत्येक लढाईत विझार्ड (जादूगार) सगळे मंत्र शिल्लक असताना, भरल्या हाताने उतरायचा आणि डीएम कपाळाला हात लावायचा.

२०२४ मध्ये गुणक गेला, सहा-आठ लढायांचा दिवस गेला, डेडली हा शब्दही गेला. उरल्या लो, मॉडरेट आणि हाय या तीन पायऱ्या. पहिल्या लेव्हलला माणशी ५०, ७५ आणि १००, म्हणजे जुन्या मध्यम, अवघड आणि डेडलीचेच आकडे. चौघांचे २००, चार गॉब्लिनचे २००: लो. हिशेब सुटसुटीत झाला हे खरं, पण गुणक ज्यासाठी आणला होता ते कारण आहे तिथेच आहे. चार गॉब्लिन आजही एका फेरीत चार बाण मारतात, आणि पहिल्या लेव्हलच्या विझार्डला दोन पुरतात. मॉन्स्टर खूप असतील तर जपून, अशी सूचना नव्या पुस्तकात आहे, पण ती कोष्टकात नाही, मजकुरात आहे.

त्या स्टार्टर सेटमध्येही तसंच होतं. तीन गॉब्लिन पडले की चौथा पळतो आणि पार्टी हरली तर गॉब्लिन सगळ्यांना बेशुद्ध सोडून गाडी लुटून जातात, असं लढाईच्या वर्णनातच लिहून ठेवलेलं होतं.