चिलटाच्या झोपेचा हिशेब

बरका फणस फोडून गरे काढायला बसलं की पाच-दहा मिनिटांत चिलटं जमतात. जेमतेम अडीच मिलिमीटरचा जीव, डोळे लालभडक. शास्त्रज्ञ याला ड्रोसोफिला म्हणतात. (आंब्यात अंडी घालून माल नासवणारी फळमाशी, जिच्यासाठी बागेत सापळे टांगतात, ती वेगळी.)

चिलटं झोपतात, हे २००० साली दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. काचेच्या बारीक नळीत एकेक चिलट ठेवायचं, नळीच्या मधोमध अवरक्त किरण सोडायचा. पाच मिनिटं चिलटाने तो ओलांडला नाही, की ते झोपलं असं धरायचं. रात्रभर नळी हलवून जागं ठेवलं, तर ते दुसऱ्या दिवशी जास्त झोपतं. म्हणजे जागरणाचा हिशेब कुठेतरी राहतो.

तो कुठे राहतो, याचा माग ऑक्सफर्डच्या गेरो मीझेनबॉक यांच्या गटाने वर्षानुवर्षं काढला. चिलटाच्या मेंदूत मध्यभागी पंख्याच्या आकाराचा एक भाग आहे. तिथल्या काही मोजक्या चेतापेशी चेतवल्या की चिलट झोपतं. आणि हिशेब राहतो तो या पेशींच्या तंतुकणिकांत, जिथे अन्न आणि ऑक्सिजनपासून ऊर्जा बनते तिथेच! झोपेचं मूळ श्वासाच्या इतकं जवळ असावं, याने मी थक्क होतो.

चिलट जागं असताना या पेशी गप्प असतात. ऊर्जा कमी खर्च होते, पण अन्नातून इलेक्ट्रॉन येतच राहतात. खाजणाच्या बांधाची उघाडी बंद राहिली की पाणी तुंबतं आणि मिळेल त्या फटीतून पाझरतं, तसे ते गळतात. गळालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळून त्याचे आक्रमक रेणू बनवतात. पेशीच्या आवरणात ‘शेकर’ नावाची, पोटॅशियमला वाट देणारी वाहिनी असते. तिला जोडलेल्या ‘हायपरकायनेटिक’ प्रथिनाला या रेणूंची चाहूल लागते, हे २०१९ मध्ये कळलं. मग वाहिनीची चाल बदलते, पेशी भराभर संदेश सोडतात आणि चिलट झोपी जातं.

एरवी इलेक्ट्रॉन वाहतात तेव्हा तंतुकणिकेत प्रोटॉन एका बाजूला ढकलले जातात आणि ते परत येताना ऊर्जा बनते. २०२५ मध्ये याच गटाने या तंतुकणिकांत ढकलण्याचं हे काम प्रकाशावर करणारा प्रोटॉन-पंप बसवला. उजेडावरच ऊर्जा बनू लागली, तर अन्नातले इलेक्ट्रॉन बिनकामाचे होऊन आणखी तुंबायला हवेत. उजेड पाडला आणि चिलटं जास्त झोपली. उलट, ऊर्जा न बनवताच इलेक्ट्रॉनना वाहून जायला वाट करून दिली, तेव्हा झोपेची गरज घटली.