तेलधक्का, 1990–91

इराकने 2 ऑगस्ट 1990 रोजी कुवेत बळकावल्यावर खनिज तेलाच्या जागतिक बाजारात झालेली उलथापालथ. या युद्धाचे एक कारणच तेलाचा भाव हे होते. इराणशी आठ वर्षे लढून इराक कर्जात बुडाला होता. कुवेत ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने ठरवलेल्या कोट्याबाहेर उपसा करून भाव पाडतो आणि सीमेवरच्या रुमैला क्षेत्रातले आमचे तेल चोरतो, असा इराकचे अध्यक्ष सद्दाम हुसेन यांचा आरोप होता.

6 ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंध लादले आणि दोन्ही देशांचे मिळून रोजचे सुमारे 43 लाख पिंपे तेल बाजारातून गेले. हे प्रमाण जगाच्या तेव्हाच्या पुरवठ्याच्या साधारण 7 टक्के होते. सौदी अरेबिया व ओपेकच्या इतर सदस्यांनी उत्पादन वाढवून ही तूट काही महिन्यांत बरीचशी भरून काढली. तरीही जुलैमध्ये पिंपाला 20 डॉलरच्या आत असलेला भाव ऑक्टोबरमध्ये 40 डॉलरवर गेला. तेलाची टंचाई एवढी नव्हती. धास्ती होती ती पुढच्या घावाची. इराकी फौजा सौदीच्या पूर्व प्रांताच्या वेशीवर होत्या आणि तिथली तेलक्षेत्रे पेटली असती तर ती उणीव भरून काढणारा दुसरा कोणी नव्हता. म्हणून शुद्धीकरण कंपन्या साठे करू लागल्या, वायदे बाजारात खरेदी चढली आणि न घडलेल्या आपत्तीची किंमत गिऱ्हाईक आगाऊ मोजू लागले.

याचा सर्वांत ठळक पुरावा 17 जानेवारी 1991 चा. त्या रात्री बगदादवर बॉम्बहल्ले सुरू झाले. भाव भडकायला हवा होता; तो एका दिवसात सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. सौदीची क्षेत्रे सुरक्षित असल्याचे दिसले होते, शिवाय अमेरिकेने व आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या इतर सदस्य देशांनी आपत्कालीन साठे खुले करण्याची घोषणा केली होती. पुढे माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतच्या 600 हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर नोव्हेंबर 1991 मध्ये विझली. पण या भीषण नासाडीने भाव पुन्हा चढला नाही, कारण कुवेतचे तेल बाजाराने आधीच हिशेबातून वगळले होते.

भारतासाठी मात्र भाव उतरल्याने प्रश्न मिटला नाही. इराक व कुवेत हे त्याचे पुरवठादार होते; ते तेल दुसरीकडून चढ्या भावाने घ्यावे लागले. कुवेत व इराकमधल्या भारतीयांची कमाई थांबली. सुमारे 1,70,000 जणांना अम्मानमार्गे, मुख्यतः मुंबईला, विमानाने परत आणावे लागले. अनिवासी भारतीय ठेवी काढून घेऊ लागले. वित्तीय तूट, अल्पमुदतीची कर्जे आणि राजकीय अस्थैर्य ही दुखणी जुनीच होती. तेलाच्या बिलाने ती एकदम उघडी पडली. 1991 च्या मध्यास परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. मे महिन्यात सरकारने 20 टन सोने विकले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला पाठवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून 40.5 कोटी डॉलर उभे केले.