दुसरी फळी म्हणजे राखीव दल नव्हे

षटकोनी घरांच्या (हेक्सच्या) नकाशावरच्या युद्धखेळात लांब फ्रंट, म्हणजे आघाडी, सांभाळायचा डाव असला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मागं चार युनिट रिझर्व्हला ठेवलेत." नकाशा बघावा तर ती चारही युनिट पुढच्या रांगेला चिकटून, ओळीत, खंदक खोदून बसलेली असतात. ही दुसरी फळी झाली. राखीव दल त्यात एकही नाही. फ्रंट फुटला की "रिझर्व्ह असूनही हरलो" अशी तक्रार होते. मुळात रिझर्व्ह नव्हतंच.

पहिल्या फळीचं गणित बहुतेकांना पाठ असतं, म्हणून थोडक्यात. २० हेक्सच्या फ्रंटवर एकाआड एक युनिट ठेवलं तर १० लागतात. दोन हेक्स सोडून ठेवलं तर ७ युनिटांतही झोन ऑफ कंट्रोलची (युनिटभोवतीचे हेक्स, जिथे शत्रूला थांबावं लागतं) साखळी तुटत नाही. फरक मार खाण्यात पडतो: दोन्ही बाजूंना शेजारी असले तर युनिटवर समोरच्या २ हेक्समधूनच हल्ला होतो, शेजार रिकामा असला तर ४ हेक्समधून. त्यामुळे नदीकाठी आणि डोंगरात विरळ बसा, उघड्या मैदानात दाट. एवढं पुरे.

खरी गफलत मागच्या युनिटांत आहे, आणि ती आपल्याकडे होणं स्वाभाविक आहे. बेळगावजवळचा राजहंसगड बघत, दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करत वाढलेल्या पोरांना संरक्षण म्हटलं की तटाच्या आत तट, त्याच्या आत बालेकिल्ला असंच सुचतं. दुसरी फळी म्हणजे तो आतला तट. राखीव दल म्हणजे किल्ल्याबाहेरचं घोडदळ. १६९० ते १६९८ जिंजीला वेढा होता, तेव्हा राजाराम महाराज किल्ल्यात होते आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव बाहेर फिरत मोगलांची रसद तोडत होते. जिंजी इतकी वर्षं टिकली त्यात तटाइतकाच त्या घोड्यांचा वाटा आहे. आपल्या निपाणीजवळच्या कापशीचं सेनापती घराणं त्याच संताजींचं, तरी आपली पोरं डाव मांडताना नुसते तटच बांधतात, याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या फळीचं काम जागेला बांधलेलं असतं. हा पूल, हे शहर, हा रस्ता. शत्रू इथवर आला तर इथे अडेल. ती हलत नाही, म्हणूनच तिचा खंदक टर्नागणिक (दर पाळीला) खोल होतो. राखीव दलाचं काम वेळेला बांधलेलं असतं: फ्रंट कुठेही फुटो, पुढच्याच टर्नला तिथे पोचून मारायचं. त्याने कुठल्याही हेक्सवर जीव लावायचा नाही.

हे अंतरावर ठरतं. पँझर कोअरसारख्या कॉम्प्युटर गेममध्ये शत्रूच्या झोनमध्ये पाय ठेवला की त्या टर्नची चाल संपते. तुमचं "रिझर्व्ह" फ्रंटच्या अगदी मागच्या हेक्सवर असेल, तर पुढचं युनिट मेल्यावर शत्रूचा रणगाडा त्या जागी येतो आणि तुमचं युनिट आपोआप त्याच्या झोनमध्ये अडकतं. आता शत्रूच्या झोनमधून झोनमध्ये त्याला जेमतेम एक हेक्स सरकता येईल. दहा हेक्स पलीकडे दुसरं भगदाड पडलं तर ते तिथे वेळेत पोचेलच असं नाही.

याहून वाईट एक प्रकार आहे. हल्ल्यात हरलेल्या युनिटला माघारीला रिकामा हेक्स मिळाला नाही की ते शरण जातं. सलग पहिल्या फळीला चिकटून सलग दुसरी फळी लावली तर पुढच्या प्रत्येक युनिटचे मागचे दोन्ही हेक्स तुम्हीच बंद केलेले असतात. जे युनिट ३ ताकदीवर का होईना मागे येऊन पुन्हा भरती (नवी कुमक) घेऊ शकलं असतं, ते अख्खं जातं. दोन फळ्यांत किमान एक रिकामी रांग सोडा. चिकटून बसायचा अधिकार फक्त तोफखान्याला, कारण शेजारच्या युनिटवर हल्ला झाला की तोच आधी मारा करतो. तोही दोन-तीन हेक्सआड एक.

राखीव दल कुठे ठेवायचं, हे आपल्या मुलखावरच मांडून बघा. एक हेक्स १० किलोमीटरचा धरा. शत्रू घाट चढून पश्चिमेकडून येतोय आणि तुमची फळी आजरा–चंदगड–जांबोटी अशी आहे. मागे तिला साधारण समांतर महामार्ग आहे: निपाणी, संकेश्वर, बेळगाव. राखीव दलाला असाच आडवा रस्ता लागतो. संकेश्वरला एक तुकडी ठेवली तर गडहिंग्लजवरून आजऱ्याला तीन-चार हेक्सांत जाते. बेळगावची तुकडी चंदगडकडेही वळते आणि जांबोटीकडेही. दोन्ही तुकड्यांमध्ये पाच हेक्स, म्हणजे एक दुसरीच्या मदतीलाही धावते. तीच तुकडी चंदगडच्या पाठीला उसात नेऊन बसवा; ती फक्त चंदगडची झाली. पावसाळी टर्न असेल तर अंतर पुन्हा मोजा. चिखलात चाल निम्म्यावर येते, आणि उन्हाळ्यात एका टर्नमध्ये पोचणारी तुकडी भगदाडाच्या अलीकडेच थांबते. एका टर्नमध्ये दोन्ही टोकं गाठता येत नसतील तर तो पट्टा एका तुकडीसाठी मोठा आहे.

इतिहासात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे कुर्स्क, जुलै १९४३. पुढे सोव्हिएत संरक्षणाचे एकामागे एक पट्टे होते, ती फळी. त्यांच्या बरंच मागे जनरल कोनेव्हच्या हाताखाली अख्खा स्टेप फ्रंट (सोव्हिएत सैन्यात फ्रंट म्हणजे अनेक आर्मींचा गट) होता, ते राखीव दल. त्यातली ५ वी गार्ड्स टँक आर्मी ३०० किलोमीटरहून जास्त चालून प्रोखोरोव्काला १२ जुलैला लढली. उलट १९४० साली फ्रान्सने आपल्या राखीव दलातली ७ वी आर्मी हॉलंडमधल्या ब्रेडाकडे आधीच धाडली. सेदानला फळी फुटली तेव्हा धाडायला तेवढं मोठं दल उरलं नव्हतं.

आता दोन सवयी, ज्या मला अजिबात पटत नाहीत. पहिली, मार खाल्लेलं युनिट मागे नेऊन त्याला रिझर्व्ह म्हणणं. ते आजारी आहे, त्याला भरती घेऊ द्या. राखीव दलात पूर्ण ताकदीचे, सर्वांत अनुभवी रणगाडे हवेत आणि सोबत ट्रकवरचं एक पायदळ. मात्र ट्रकवर बसलेल्या अवस्थेत शत्रूच्या पल्ल्यात टर्न संपवू नका. गोळी आधी ट्रकला लागते. दुसरी, पहिल्याच टर्नला फ्रंटला पोचा पडला की राखीव दल तिथे भरून टाकणं. पोचा दुसऱ्या फळीने झेलायचा असतो.

वॉर इन द ईस्ट या गेममध्ये युनिटला रिझर्व्ह मोड लावता येतो, म्हणजे ते जवळच्या लढाईत आपोआप मदतीला येऊ शकतं, आणि तिथेही लोक चुकतात. बटण दाबलं तरी त्या युनिटकडे मूव्हमेंट पॉइंट (चालीचे गुण) शिल्लक असावे लागतात. टर्नभर चालवून दमलेलं युनिट लढाईला येत नाही.

राखीव दल सोडायची वेळ आली की भगदाडाच्या टोकाशी भिडू नका. टोकाला शत्रूचे ताजे रणगाडे असतात. एक-दोन हेक्स मागे, जिथून त्यांचा पुरवठा येतो तिथे बाजूने घुसा आणि रस्त्याचा हेक्स धरा. टोक दुसऱ्या फळीवर आपटून थांबलेलं असेल, पुरवठा तुटला की ते कमकुवत होत जातं. काम झालं की त्याच रात्री, म्हणजे पुढच्याच टर्नला, तुकडी परत महामार्गावर आणा आणि जिंकलेल्या हेक्सवर पायदळ बसवा.